मागच्या खोलीतले चार दिवस

जमुनानं ताट उंबऱ्याबाहेर ठेवलं, पाण्याचा गडू त्याच्या शेजारी ठेवला आणि पदर सावरत ती मागं सरली. जाता जाता म्हणाली, "आत्याबाई, मांगच्या दोरीवर कोळ्यानं घर केलं. काढू का राहू देऊ?"

"राहू दे," मैनाबाईच्या तोंडून निघून गेलं.

सून विहिरीकडं गेली. मैनाबाईनं ताट आत ओढलं, भाकरीचा तुकडा मोडून वांग्याच्या भाजीत बुडवला आणि मग तो तुकडा हातातच राहिला. दोरीचं लक्षात आलं ते आत्ता. ती दोरी निंबाच्या आडोशाला बांधलेली होती. घरातल्या बाईनं महिन्याच्या महिन्याला आपले कपडे धुऊन, गड्यांच्या नजरेआड, त्या दोरीवर वाळत घालायचे. जमुनाला तिसरा महिना चाललेला, म्हणजे तिचं तिथं काही वाळत असायचा प्रश्नच नव्हता. पण मैनाबाई तर दर महिन्याला या खोलीत येऊन चार दिवस बसत होती. आजही बसली होती. बाई बाहेर बसलेली आणि दोरी कोरडी, इतकी कोरडी की कोळ्यानं निवांतपणे जाळं विणावं. पोरीनं ते पाहिलं होतं. पाहिलं ते पाहिलं, वर विचारलं, काढू का राहू देऊ. सहज विचारलं की मुद्दाम? मैनाबाईनं सुनेचा आवाज कानात पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. त्यात टोमणा सापडेना. सापडला असता तर बरं झालं असतं, चार शब्द तिलाही सुनावता आले असते.

खोटेपणा सुरू झाला तो काही ठरवून झाला नव्हता. आश्विनात नवरात्र आलं तेव्हा तिला नेहमीसारखी धास्ती होती. अंबादेवीच्या नवरात्रात अमरावतीभर फुलं लागतात, नवऱ्याच्या, किसनरावांच्या, मळ्यातल्या झेंडूला आणि शेवंतीला उसंत नसते, आणि नेमकी त्यातच आपली पाळी आली की हार ओवणारे दोन हात कमी होतात. त्या वेळी ती आली नाही. मैनाबाईला देवीचीच कृपा वाटली. कोजागिरी झाली, अंग जड झालं, कंबर धरली, तेव्हा तिनं घरात सांगून टाकलं की मी बसते, आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. आज येईल, उद्या येईल. आली नाही. पण एकदा बसल्यावर उठून काय सांगायचं? चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन ती घरात गेली. कार्तिकात तसंच. मार्गशीर्षात तारीख जवळ आली तेव्हा अंगाला काहीच कळलं नाही, तरीही ती आपल्या पायांनी खोलीत आली आणि घोंगडी पसरून बसली. तेव्हापासून मात्र ते खोटं होतं, तिला पक्कं ठाऊक असलेलं खोटं. पौष गेला. आता माघ.

मोर्शीच्या माहेराहून सोळाव्या वर्षी ती या घरात नांदायला आली, त्याला एकतीस वर्षं झाली. पहिल्यांदा सासूनं याच खोलीत आणून बसवलं तेव्हा ती रडली होती. हात लावायचा नाही, घराला नाही, देवाला नाही, फुलझाडाला तर मुळीच नाही. शेवंतीचं रोप सावलीनंसुद्धा जळतं म्हणत. रडता रडता ती झोपली आणि दुपारी जागी झाली तेव्हा तिला एकदम घाबरल्यासारखं झालं, कारण तिला कुणी हाक मारली नव्हती. मग कळलं की चार दिवस कुणी मारणारच नाही. बाहेर मोटेचा आवाज येत होता, कुणीतरी लसणाचं वाटण वाटत होतं, आणि त्या आवाजांतला एकही तिच्यासाठी नव्हता. पुढं सहा बाळंतपणं झाली. त्यांतली दोनच पोरं राहिली, दर्यापूरला दिलेली बेबी आणि हा सहदेव, जमुनाचा नवरा. बेबीच्या पाठचा मुलगा गोवरात गेला तेव्हा घरात रडायला जागा नव्हती, गिऱ्हाईक दारात उभं, नवराही तोंड फिरवून मळ्यात. ती वाट पाहत राहिली आणि या खोलीत आल्यावर रडली, हिशेबानं, पहिल्या दिवशी सुरू करून चौथ्या दिवशी संपवलं. जन्मभर तिनं या दिवसांना शिव्याच घातल्या. आणि आता ते यायचे थांबले तर ती स्टेशनात पाहुण्याची वाट बघावी तशी त्यांची वाट पाहत होती, हे काय होतं? येणारा येणार नाही हे कळूनसुद्धा?

अंगातून उष्णता उसळली. माघाची सकाळ, अंगणातल्या बायका हाताला हात चोळत असतील, आणि हिच्या छातीपासून कानापर्यंत कुणीतरी चुलीपुढं धरल्यासारखं. तिनं लुगड्याचा पदर बाजूला केला, भिंतीच्या गार मातीला पाठ टेकवली. लुगडं लढाईच्या दिवसांतल्या कंट्रोलच्या दुकानातलं, पातळ, तेही नकोसं झालं. क्षणात घाम आला आणि क्षणात थंडी वाजू लागली. दंडावरचं गोंदण तिला दिसलं. लहानपणी गोंदलेली तुळस, रेघा अशा ताठ की आत्या म्हणायची छापील दिसते. आता कातडी सैल पडून तुळस एका बाजूला कलली होती. मागल्या पंधरवड्यात कासारानं बांगड्या भरताना तिचा हात दाबला आणि म्हणाला, "हात नरम पडला बाई, आता कशीबी बांगडी चढते." तो बिचारा कौतुकानंच म्हणाला. फणीत केस येतात ते बोटाला गुंडाळून फेकताना गुंडाळी महिन्यागणिक मोठी होते. सहदेवच्या दाढीच्या आरशात तिनं एकदा घर रिकामं असताना पाहिलं, तेव्हा हनुवटीवर एक जाड पांढरा केस होता. तिनं तो चिमटीत धरून उपटला आणि मग उगाच इकडंतिकडं पाहिलं, चोरी केल्यासारखं. उजाडायच्या आत शंभर हार ओवणारी बाई ती. आता साठाव्या हाराला सुई कुठं ठेवली ते आठवत नाही आणि ती सुई पदरालाच टोचलेली असते. मग आपण आहोत कोण? म्हातारी म्हणावी तर सासू गेली तेव्हा होती तशी काही झाली नाही. तरणी तर नाहीच. मधे कुठंतरी, पाटाचं पाणी ना या वाफ्यात ना त्या वाफ्यात.

खोलीत बसली की तेवढे चार दिवस तरी आपण कोण ते ठरलेलं असायचं. बाहेरची.

दोन दिवस तिनं सुनेच्या पावलांकडं कान लावून काढले. जमुना पहाटे उठत होती, विहिरीवरून पाणी ओढत होती, गडी धरून पाच जणांच्या भाकरी थापत होती आणि मग फुलांच्या टोपलीपुढं बसत होती. मधेच ओकारीचा आवाज येई. मैनाबाई उठून दारापर्यंत जाई आणि परत फिरे. आता बाहेर पडायचं म्हणजे सांगायला लागणार. एक दिवस राहिला, परवा न्हाणं झालं की सगळं काम आपणच ओढू, पोरीला उसंत देऊ, आणि फाल्गुनात नाहीच बसायचं. असं तिनं पौषातही म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आधी दोरी सुटल्याचा आवाज आला, मग बादली दगडावर आपटली. मैनाबाई दारात आली. विहिरीच्या ओल्या फरशीवर जमुना कुशीवर पडली होती, एक हात पोटाखाली दाबला गेलेला. तोंडातून आवाज नाही. बादली गडगडत निघाली होती. मैनाबाईचा एक पाय उंबऱ्यावर होता, आणि तो तिथंच राहिला. शिवायचं नाही. एकतीस वर्षं अंगात मुरलेलं हे एवढंच डोक्यात होतं, शिवायचं नाही, आणि त्याच्या मागून दुसरं, शिवलीस तर कळेल. बादली फरशीवरून मातीत उतरली, एका अंगावर फिरली, कण्हेरीच्या बुंध्याला टेकून थांबली. पाणी वाहत गेलं, पसरलं, काळ्या मातीनं ते पिऊन टाकलं. जमुनाचे डोळे उघडे होते. मग मैनाबाई धावली. धावत गेली ती थेट तिच्यापाशी, तिचं डोकं मांडीवर घेतलं, पोटाखालचा हात सोडवला. "जमुना! अवं पोरी, बोल ना! कोठं लागलं?"

"कंबरेले," जमुना म्हणाली.

किसनराव गुलाबाची पाटी घेऊन वाफ्यातून वर येत होते. ते थबकले आणि पहिला शब्द त्यांच्या तोंडून निघाला तो हाच, "अवं, शिवली तिले! तू बाहेरची न?"

"मी बाहेरची नाही," मैनाबाई म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "पाच महिने झाले, मी बाहेरची नाही. माणिकबाईले बोलवा आंधी."

"मंग बसते काहून?"

मैनाबाई पदरानं जमुनाचं तोंड पुसत राहिली. किसनरावांनी पाटी खाली ठेवली आणि सुईणीला आणायला स्वतः गेले.

माणिकबाईनं पोट चाचपलं, कपडा पाहिला, थोडा डाग होता. म्हणाली, "लेकरू हाये जागच्या जागी. पन पंधरा दिस पोरीनं उभंबी राह्याचं नाही. मंग माहेरी धाडा." एवढं सांगून ती हात धुवायला बसली आणि मैनाबाईकडं पाहून हसली. "तुहं गेलं म्हनते? बेस झालं, सुटली."

सुटली. पंधरा दिवसांत हा शब्द तिला दहा जणींनी ऐकवला. शेजारणी आल्या त्या सुनेला बघायला, पण जाताना मैनाबाईच्या पाठीवर हात ठेवून जात. आता देवपूजेला आडकाठी नाही, कुठं जायला यायला विचार नाही. किसनरावांनी देवीच्या देवळात रोज जाणारी फुलांची परडी तिच्या हाती दिली आणि म्हणाले, "आता तुले कधीबी चालते." तीस वर्षं तुटक तुटक नेलेली परडी ती रोज नेऊ लागली. घरी येऊन पाणी, भाकरी, जमुनाचं अंथरूण, जमुनाची पेज, मग हार. कामाला ती भीत नव्हती. कामात असलं की बादली गडगडताना दिसायची नाही. पण हार ओवताना उष्णता उसळे, सुई थांबे, आणि मग ती दिसेच. किती वेळ उभ्या होतो आपण? दहा श्वास? की दोनच? आणि कुणाला सांगायचं? खोटं बसल्याबद्दल घरानं तिला काही म्हटलं नाही, एक शब्दसुद्धा नाही, आणि ज्याबद्दल म्हणायला हवं होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

पंधरा दिवसांनी जमुना उठून बसली तेव्हा तिला अकोल्याला पोचवायला मैनाबाईच निघाली. सहदेव सोबत होता, तो पुरुषांच्या डब्यात. बडनेऱ्याला गाडी बदलली, फलाटभर लढाईवर जाणाऱ्या पलटणीतल्या शिपायांच्या पेट्या पसरलेल्या, त्यांतून वाट काढत दोघी बायकांच्या डब्यात चढल्या. समोरच्या बाकावर एक म्हातारी कोंबडीची टोपली मांडीवर घेऊन झोपली होती. मूर्तिजापूर गेलं. बाहेर कापूस वेचून झालेली शेतं, पऱ्हाट्या उभ्याच. सुनेचं डोकं खिडकीला टेकलेलं. तिच्या गालावर आताच पोटुशीपणाची लव चकाकत होती, गळा भरला होता; अंग बदलत होतं, पण त्या बदलण्याला नाव होतं, सगळे त्याची विचारपूस करत होते.

"जमुना."

"जी?"

"तू पडली ना तवा... मी दारात उभी होती."

जमुनानं डोकं खिडकीवरून उचललं. "मले दिसल्या तुमी."

"लय वेळ उभी होती. बादली पुरी सांडली तवरी."

"व्हय."

"मंग सांगतलं काहून नाही कोनाले?"

"काय सांगू? मंग आल्या ना तुमी." जमुना बोटानं लुगड्याचा काठ दुमडत होती. मग तिनं विचारलं, "आत्याबाई, तुमी बसत काहून होत्या?"

किसनरावांनी हेच विचारलं होतं, पण ते जाब विचारल्यासारखं. पोरीनं विचारलं ते वाट विचारावी तसं. म्हणून मैनाबाईनं खरंच शोधून पाहिलं. "येईन असं वाटे," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग नाही आलं. अन् मंग... तुले वाटलं असन, सासू कामचोर हाये."

"नाही जी. मले वाटे, तुमाले झोप पाह्यजे." जमुना थोडं हसली. "मलेबी वाटे ना. उलट्या सुरू झाल्या तवा लय वाटे, तुमच्या मांगं त्या खोलीत येऊन दार लोटून घ्यावं. पन मले त बसताच येत नव्हतं."

पोरगी बाहेरून ताट ठेवून जात होती आणि जाताना त्या खोलीकडं पाहत होती, हे मैनाबाईच्या कधी मनातच आलं नव्हतं. पाच महिने ती तिथं पडून स्वतःच्या अंगाचं कोडं सोडवत राहिली आणि दारापलीकडं दुसरं एक अंग तेच मागत उभं होतं, तिच्या वाट्याची जागा ती खोटं बोलून अडवून बसली होती. की तसं नव्हतंच? कारण ती उठून घरात आली असती तरी जमुनाला ती खोली कुणी दिली असती? पोटुशी बाई शुद्ध असते. तिला हाक मारता येते. विचार इथवर आला आणि तिथं त्याचा धागा तुटला, पुन्हा टोक सापडेना. तिनं फक्त पिशवीतून शाल काढली आणि पोरीच्या खांद्यावर टाकली. समोरची म्हातारी जागी झाली, तिनं दोघींकडं पाहिलं आणि जमुनाला विचारलं, "माय का तुही?" जमुना म्हणाली, "सासू." म्हातारीला ते पटलेलं दिसलं नाही.

मोर्णा नदीच्या काठाला जमुनाच्या माहेरचा भाजीपाल्याचा मळा होता. तिची आई पार्बताबाई पन्नाशी ओलांडलेली, ठसठशीत, डोक्यावर पदर आणि हातात खुरपं घेऊनच सामोरी आली. लेकीला निजवल्यावर दोघी विहिणी मेथीच्या वाफ्याशी बसल्या. मैनाबाईनं कसंबसं विचारलं, तुमचं केव्हा गेलं म्हणून.

"माहं? सात वर्स झाले, विहीनबाई. मोकळी झाली मी. आता मी बाजारात जातो, मोंढ्यात जातो, गड्यावानी बोलतो. मले कोनी बाई धरतच नाही."

"अन् तुमाले वाईट नाही वाटलं?"

पार्बताबाईनं मेथीची जुडी बांधता बांधता हात थांबवला. "वाटलं असन," ती म्हणाली. "ध्यान द्याले फुरसत कोठं होती?" आणि मोठ्यानं हसली. मैनाबाईही हसली. पण ते हसू तिला कुठं ठेवावं ते कळलं नाही, कारण तिला मोकळं वाटत नव्हतं, आणि अगदी खरं सांगायचं तर वाईटही वाटत नव्हतं. त्या दोन्हींच्या मधे जे होतं त्याला या बाईकडंही शब्द नव्हता.

सहदेव त्याच दिवशी परतला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मैनाबाई एकटीच गाडीत बसली. जन्मात पहिल्यांदा एकटी. बडनेऱ्याला उतरली तेव्हा अमरावतीची गाडी पलीकडच्या फलाटाला लागलेली होती. लोक घाईनं चढत होते. ती दोन पावलं चालली आणि अंगातून लाट उसळली, कान पेटले, वरच्या ओठावर घाम फुटला. ती जवळच्या बाकावर टेकली. लाट ओसरेपर्यंत बसू, म्हणाली. लाट ओसरली. गाडीनं शिट्टी दिली. ती उठली नाही. गाडी हलली, डबे एकामागून एक समोरून गेले, शेवटच्या डब्यातल्या गार्डानं हिरवा कपडा गुंडाळला, आणि फलाट मोकळा झाला. झाडणारी बाई जवळ येऊन म्हणाली, "बाई, तुमची गाडी गेली ना."

"जाऊ द्या. दुसरी येईन."

"दोन घंट्यानं हाये आता."

"असू द्या."

झाडूवाली पुढं गेली. मैनाबाईनं पाय वर घेऊन मांडी घातली. अकोल्याच्या लोकांना वाटत होतं ती गाडीत आहे, अमरावतीच्या लोकांना वाटत होतं ती येतेय. ऊन रुळांवरून सरकत होतं. सरकीच्या पोत्यांचा उग्र वास येत होता. तिनं काहीच केलं नाही. जमुना आठवली, बादली आठवली, ती तिनं आठवू दिली. मधेच पुन्हा लाट आली, या खेपेला तिनं पदर सारला नाही की भिंत शोधली नाही. आली तशी येऊ दिली, कुठून सुरू होते आणि कुठं संपते ते पाहत बसली. कळलं असं नाही. एवढंच दिसलं की ती येते, जाते, आणि मागं जी उरते ती बाकावर मांडी घालून बसलेली असते.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. किसनराव ओसरीवर उभेच होते. "एवढा वखत? गाडी लेट होती काय?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं.

"गाडी टायमावर होती. मी बसली होती."

"कोठं?"

"बडनेऱ्याले. बाकावर."

"काहून? बरं नाही वाटलं?"

"बरं होती मी."

"मंग काहून?"

तिनं शोधलं. उंबऱ्याशी उभी राहून, पिशवी हातात धरून, खरंच शोधलं. "मले नाही मालूम," ती म्हणाली.

किसनराव तिच्या तोंडाकडं पाहत राहिले. ते बाजूला झाले. आत करपल्याचा वास सुटला होता. सहदेवनं चूल पेटवून भात लावला होता आणि आता फुंकणी हातात घेऊन तो अपराध्यासारखा उभा होता. मैनाबाईनं पाय धुतले, पदरानं तोंड पुसलं. चुलीकडं जायची तिची वाट पायांना पाठ होती. ती गेली नाही. तिनं भिंतीजवळचा पाट ओढला आणि त्यावर बसली.

"भूक लागली मले," ती म्हणाली. "वाढ."

सहदेवनं बापाकडं पाहिलं. बाप दारात तसाच उभा होता. मग भांड्यावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला.